जानेवारी १८९७: प्लेगच्या वॉर्डात तुमची पहिली ड्यूटी

हा खेळ आहे, पण मन लावून खेळायचा. मी सूत्रधार, तुम्ही पात्र. प्रसंग मी मांडेन. त्यात काय करायचं ते तुम्ही ठरवायचं आणि पुढे जे होईल ते पदरात घ्यायचं.

तुमची भूमिका अशी. तुम्ही मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एल. एम. अँड एस.च्या शेवटच्या वर्षाला आहात. घर साताऱ्याकडचं. कॉलेजनं १८८३ पासून मुलींनाही प्रवेश दिला आहे, तेव्हा ही भूमिका कुणीही घ्यावी. खिशात थर्मामीटर, गळ्यात रबरी नळ्यांचा स्टेथोस्कोप, हातात टिपणवही. काम आजच्या इंटर्नचंच आहे: सगळ्यांच्या आधी यायचं, सगळ्यांच्या नंतर जायचं आणि मधल्या वेळात सांगतील ते करायचं.

नियम एकच आहे, पण तो कडक आहे. आज तुम्हाला जे ठाऊक आहे ते तिकडे न्यायचं नाही. प्लेग कशानं पसरतो आणि कोणत्या औषधानं बरा होतो, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. ते दाराबाहेर ठेवा. आत जाताना डोळे, कान, हात आणि वही, एवढंच बरोबर घ्यायचं.

चला.

भायखळ्याला घोड्यांच्या ट्राममधून उतरता तेव्हा रस्ता ओळखू येत नाही. दुकानांच्या फळ्या लागलेल्या आहेत. बोरीबंदरच्या दिशेनं बैलगाड्या चालल्या आहेत. गाड्यांवर वळकट्या, भांडी, म्हाताऱ्या, पोरं. सव्वाआठ लाखांच्या या शहरातून फेब्रुवारी संपेपर्यंत साधारण पावणेचार लाख माणसं निघून जातील. काही घरांच्या दारांवर रंगानं वर्तुळ काढून आत तारीख घातली आहे. जेवढी वर्तुळं, तेवढे त्या घरातले रुग्ण. काही घरांची कौलं उतरवली आहेत, अंधाऱ्या खोल्यांत ऊन पडावं म्हणून.

याची सुरुवात चार महिन्यांपूर्वी झाली. मांडवी बंदराजवळच्या दाट वस्तीत डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी रुग्ण तपासले. मूळचे गोव्याचे, शिकलेले तुमच्याच कॉलेजात. ताप, ग्लानी, जांघेत गाठ. हा गाठीचा प्लेग आहे, असं त्यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये जाहीरपणे सांगितलं. व्यापाराचं शहर, बंदरावर जगणारं. ही बातमी कुणालाच नको होती. तरीही ते बोलले. तुमच्या वहीचं पहिलं पान यासाठी राखून ठेवा: निदान कळलं की ते सांगावं लागतं, ऐकणाऱ्याला आवडो वा न आवडो.

आता वॉर्डात या.

आधी वास येतो. कार्बोलिकचा, आणि त्याच्याखाली घामाचा, पिकलेल्या जखमेचा. खाटा भिंतीला लावून मांडल्या आहेत. वॉर्डातले जुने नोकर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते तुमच्याकडे एक नजर टाकतात आणि पुढच्या खाटेवरची चादर ओढतात. प्रोफेसर इंग्रज आहेत. त्यांना मराठी येत नाही आणि खाटेवरच्या माणसाला इंग्रजी येत नाही. त्यामुळे पहिल्याच दिवशी तुमच्या अंगावर एक जबाबदारी येते, जी कुठल्या पुस्तकात लिहिलेली नाही. दोघांच्या मधे उभं राहायचं आणि एकाचं दुसऱ्यापर्यंत पोचवायचं.

प्रोफेसर तुम्हाला शिकवतात ते नजरेनं. नवा रुग्ण दारातून चालत येतो तेव्हापासून तपासणी सुरू होते. चाल बघा: पाय लटपटतात, दारू प्यायल्यासारखे. बोलणं ऐका: जीभ जड. डोळे लाल. जिभेवर पांढरा थर, कडा मात्र लालभडक. नाडी जलद आणि मऊ. मग जांघ, काख, मान. गाठ बहुधा जांघेत असते, कधी बोराएवढी, कधी अंड्याएवढी, आणि इतकी दुखरी की रुग्ण पाय पोटाशी घेऊन पडतो.

आता तुमची पाळी. खाटेवर गिरणीतला पोरगा आहे, वीस-एकवीस वर्षांचा. अंग भाजतं आहे. तुम्हाला त्याच्या जांघेला हात लावायचा आहे. हातमोजे नाहीत. तुमच्या बोटाला सकाळीच कागद लागून बारीक चीर पडली आहे. प्रोफेसर बघताहेत, मामाही बघताहेत.

काय कराल? एक पाऊल मागे घेतलंत तर कुणी रागावणार नाही. पण त्या पोराचे डोळे तुमच्या हातांवर आहेत, आणि तुमच्या जिल्ह्यातली बोली त्याच्या तोंडी आहे: "डाक्टरसायेब, मला चिरू नका. हितं मानसं चिरत्यात म्हनं."

या भीतीला इतिहास आहे. ऑक्टोबरात पालिकेनं हुकूम काढला होता: आजारी माणूस घरात सापडला तर त्याला सक्तीनं इस्पितळात हलवायचं. शहरभर बोलवा झाली की इस्पितळात नेलेल्याला मारून त्याची मोमिआई, म्हणजे अंगातलं औषधी तेल, काढतात. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. त्यानंतर हुकूम सौम्य करावा लागला. अफवा खोटी होती, पण तिच्या मुळाशी असलेला अनुभव खरा होता. घरातून नेलेला माणूस बहुतेक वेळा परत येत नव्हता.

बोटाची चीर कार्बोलिकनं धुऊन, पट्टी बांधून तुम्ही परत येता. खाटेच्या कडेला बसता. आधी त्याच्या गावाचं नाव विचारता. मग काय करणार ते सांगता, आणि जे सांगितलं तेवढंच करता. गाठ तपासून होते. हे सगळं होईपर्यंत प्रोफेसर पुढच्या दोन खाटा संपवून गेलेले असतात. त्या पोरानं मात्र दुपारी पहिल्यांदा दुधाचा पेला तोंडाला लावलेला असतो.

उपचार काय आहेत? तुमच्या वहीत यादी छोटी आहे. डोक्यावर बर्फ. हृदयाला बळ यावं म्हणून ब्रँडी, स्ट्रिकनिन. गाठीवर पोटीस, गाठ पिकली तर चीर देऊन पू काढायचा. रोगजंतू कोणता ते माहीत आहे: १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर येर्सिन यांनी तो शोधला, आणि तिथंच जपानी शास्त्रज्ञ किटासाटोही त्याच शोधात होते. जंतू सापडला, औषध सापडलेलं नाही. येर्सिन यांनी तयार केलेला सीरम येत्या मार्चमध्ये ते स्वतः मुंबईत घेऊन येतील आणि त्याच्याकडून अपेक्षाभंग होईल.

म्हणून इथं मी तुमच्या हातात फासा देतो. त्या पोरासाठी टाका. एक ते चार पडलं तर तो आठवड्याच्या आत जाईल. पाच किंवा सहा पडलं तर गाठ पिकेल, ताप उतरेल आणि तो घरी जाईल. वॉर्डातल्या खऱ्या रुग्णांचा हिशेब याहून फार निराळा नव्हता. निम्म्याहून जास्त दगावत. तुम्ही काय केलंत यानं फासा फारसा बदलत नाही. नवशिक्याला हे पचवणं सर्वांत अवघड जातं. मग शुश्रूषा कशासाठी? पाणी पाजायला, कूस बदलायला, भ्रमात उठून पळणाऱ्याला धरून परत निजवायला. या रोगात हृदय इतकं थकलेलं असतं की उठून बसण्याच्या श्रमानंही माणूस जातो. त्याला निजवून ठेवणं हाच उपचार. तो तुमच्या हातात आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक बाई येते. गाठ नाही. ताप, छातीत कळ, खोकला, थुंकी पातळ आणि रक्तानं गुलाबी झालेली. साधा न्यूमोनिया म्हणून तिला प्लेगच्या वॉर्डाबाहेर ठेवलं जाऊ शकलं असतं. तुमच्याच कॉलेजातले डॉ. चाइल्ड हीच कोडी शवविच्छेदनाच्या टेबलावर सोडवत आहेत. त्यांना फुफ्फुसात प्लेगचे जंतू सापडले आहेत, गाठ कुठेच नसताना. फुफ्फुसाच्या प्लेगचं त्यांनी केलेलं वर्णन पुढे जगभर वाचलं जाईल. कॉलेजातलेच डॉ. मॅन्सर आणि त्यांच्यामागून एक परिचारिका याच रूपातल्या प्लेगनं गेली.

ती बाई खोकते तेव्हा तुम्ही तिच्या तोंडासमोर उभे आहात. इथून पुढे उभं राहायची जागा बदला. उशाशी, बाजूला, खिडकीकडे पाठ करून. कुणी सांगितलेलं नाही. शवविच्छेदनाची बातमी आणि मॅन्सर यांची रिकामी खुर्ची यावरून तुम्ही ते ताडलंत. वहीत लिहा.

आणि मामा काय म्हणतात तेही लिहा. रात्री दिवा बारीक करून ते तुमच्याजवळ बसतात. "तीन महिने झाले, मी यांची अंथरुणं उचलतोय. गाठवाल्यांकडून मला काही झालं नाही. पण आमच्या वाडीत ज्या घरात उंदीर मरून पडले, त्या घरातली माणसं गेली." मांडवीच्या धान्याच्या गुदामांतही माणसांच्या आधी उंदीर मेले होते, हे हमालांनी पाहिलं होतं. गाठीच्या रुग्णांची सेवा करणाऱ्यांना क्वचितच लागण होते, हे इथल्या डॉक्टरांच्याही ध्यानात येऊ लागलं आहे.

तुमच्या ओठांवर एक शब्द आला असेल. नियम आठवा. तो बोलायचा नाही. तुम्हाला फक्त एवढंच करता येतं: मामांचं म्हणणं हसण्यावारी न नेता तारीख घालून लिहून ठेवायचं. उत्तर नसताना निरीक्षण जपून ठेवणं हे या खेळातलं सर्वांत मोठं कसब आहे.

आता व्हरांड्यातून पलीकडे या. कॉलेजातली एक खोली आणि तिच्या बाहेरची पडवी एका परदेशी माणसाला दिली आहे. वाल्डेमार हाफकिन, ओडेसात जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले. कॉलऱ्याची लस घेऊन ते आधीच बंगालात फिरून आले आहेत. ऑक्टोबरात इथं आले. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई.

खोलीत काचेच्या चंबूंच्या रांगा आहेत. चंबूत मांसाचा रस्सा, आणि त्यावर तरंगणारे तुपाचे थेंब. हो, तूप. प्लेगचे जंतू हवेच्या जवळ चांगले वाढतात. तुपाच्या थेंबाला धरून ते पृष्ठभागावर राहतात आणि तिथून खाली रश्श्यात लोंबत वाढतात, गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबावेत तसे. चंबू हलवला की ते तुटून तळाशी बसतात आणि वर नवे वाढू लागतात. असं कित्येक आठवडे. मग तासभर सत्तर अंश सेल्सियसच्या आसपास तापवून जंतू मारायचे, थोडं कार्बोलिक घालायचं. झाली लस.

१० जानेवारीला हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली, १० घन सेंटिमीटर. पुढे लोकांना देण्यात आलेल्या मात्रेपेक्षा ती कितीतरी मोठी होती. ताप आला, टोचल्या जागी ठणका लागला, आणि काही दिवसांत उतरला. त्यानंतर कॉलेजातले शिक्षक आणि शहरातले काही नागरिक पुढे आले.

तुम्ही पुढे याल? ही लस उपयोगी आहे याचा पुरावा आज कुणाकडेच नाही. ती घातक नाही याचा पुरावा म्हणजे एक माणूस, जो अजून उभा आहे. घरी कळवायला वेळ नाही. आई-वडील गावी. मी इथं थांबतो, विचार करा. ज्यांनी हात पुढे केला आणि ज्यांनी केला नाही, दोघांनाही समजून घेण्यासाठी हा क्षण खेळात ठेवला आहे.

महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरतो. ३० जानेवारीला हाफकिन तिथं जातात. जे कैदी स्वखुशीनं तयार झाले त्या सुमारे दीडशे जणांना टोचलं. साधारण तेवढेच तसे राहिले. तेच अन्न, त्याच भिंती, तीच हवा. तुम्ही वहीत दोन रकाने आखता. ज्यांच्या अंगात आजार आधीच शिरला होता ते वगळून पुढच्या दिवसांचा हिशेब असा: न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग, त्यांतले ६ मेले. टोचलेल्यांत २ जणांना प्लेग, मृत्यू एकही नाही. आकडे लहान आहेत. कैद्याची स्वखुशी किती खरी, हा प्रश्नही त्या रकान्यांच्या शेजारी लिहून ठेवा. तरीही जीव वाचले, हे खरं.

आता खेळाचा दुसरा अंक. डॉक्टरची भूमिका खाली ठेवा.

तुम्ही आता परळच्या चाळीतली एक बाई आहात. मार्च १८९७. ४ फेब्रुवारीला साथरोगाचा नवा कायदा झाला आहे, आणि जनरल गॅटेकर यांच्या हाताखाली प्लेग कमिटी नेमली आहे. एका खोलीत तुम्ही सात जण. नवऱ्याला कालपासून ताप आहे. जिन्यावर बुटांचा आवाज येतो. तपासणीचं पथक. ते नवऱ्याला नेतील. तुम्हाला आणि पोरांना वेगळ्या छावणीत ठेवतील. अंथरूण जाळतील. खोलीत चुना मारतील. नवरा गेला तर त्याचं तोंड तरी बघायला मिळेल का? अग्नी कोण देईल? पथकातला पुरुष तुमच्या काखेत हात घालून बघणार का? कामाचे खाडे पडले तर खोलीचं भाडं कोण देणार?

नवऱ्याला वळकटीमागे झोपवून वर गोधड्या टाकाल, की दार उघडाल?

पहिल्या अंकात तुम्ही ज्यांच्यावर मनातून चिडला होतात, आजार लपवणाऱ्या अडाणी लोकांवर, त्यांच्यातल्याच एक तुम्ही आता आहात. आणि तुम्ही अडाणी नाही. तुमच्यासमोर जेवढी माहिती आहे, तेवढ्यात तुमचा हिशेब पक्का आहे. तुमच्या ओळखीचं कुणी त्या पथकात असतं, तुमच्या भाषेत बोलणारं, आत यायच्या आधी दारात थांबणारं, तर तुम्ही वेगळा निर्णय घेतला असता. मुंबईत पुढे वेगवेगळ्या समाजांनी आपापली प्लेगची इस्पितळं काढली आणि तिथं लोक आपणहून गेले. ९ मार्च १८९८ ला मदनपुऱ्यात विणकरांच्या वस्तीतून एका मुलीला न्यायला पथक आलं तेव्हा दंगल उसळली, माणसं मेली. पुण्यात तर प्लेग अधिकारी रँड यांच्या पथकांच्या कारभाराचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्रीच्या गोळ्यांत झाला. त्याच पुण्यात १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. डॉक्टर मुलगा यशवंत यांनी उघडलेल्या दवाखान्यात त्या रुग्णांना आणत होत्या. शहर तेच, साथ तीच. एका दाराशी लोक लपत होते आणि दुसऱ्या दाराशी येत होते.

आता नियम उठवतो. ओठांवर अडवलेला शब्द बोला.

पिसू. २ जून १८९८ ला कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवून दिलं की प्लेग एका उंदराकडून दुसऱ्याकडे पिसवा नेतात. उंदीर मेला की त्या नव्या अंगाच्या शोधात निघतात. अनेक वर्षं कुणी मानलं नाही; १९०५ नंतर मुंबईतच झालेल्या मोठ्या संशोधनानं ते पक्कं केलं. म्हणजे मामा बरोबर होते. गाठीच्या रुग्णाजवळ, स्वच्छ धुतलेल्या, उंदीर नसलेल्या वॉर्डात बसलेला माणूस बराच सुरक्षित होता. लोक ज्या जागेला सर्वांत जास्त भीत होते तिथं धोका कमी होता, आणि ज्या खोलीत लपत होते तिथं जास्त. हे त्यांना पटवून देईल असा विश्वासाचा माणूस मात्र फार थोड्या दारांपर्यंत पोचला. औषध यायला आणखी अर्धशतक गेलं. स्ट्रेप्टोमायसिन १९४० च्या दशकात आलं. तोवर भारतात एक कोटीहून अधिक माणसं या रोगानं गेली होती. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ पासून ती त्यांच्या नावानं ओळखली जाते.

असे खेळ वैद्यकीय शिक्षणाला नवे नाहीत. अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये रुग्णाची भूमिका करणारी माणसं विद्यार्थ्यांसमोर बसवायला सुरुवात केली. आपल्याकडे २०१९ पासूनच्या एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांसाठी एटकॉम हा स्वतंत्र भाग आहे आणि त्यात भूमिका करून शिकण्याला जागा आहे. मात्र अशा तासांना विद्यार्थी बहुधा डॉक्टरच होतो, आणि प्रश्नाचं उत्तर पुस्तकात आधीच छापलेलं असतं.

वैद्यकीय महाविद्यालयांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. इंटर्नशिप सुरू होण्याआधी एक दिवस असा खेळ ठेवा, ज्यात उत्तर कुणालाच माहीत नाही. अर्धा दिवस विद्यार्थ्यांना डॉक्टर करा आणि अर्धा दिवस त्या खोलीतली बाई. पुढच्या साथीत उपचार सापडायला उशीर लागेलच. तोवर रुग्णाच्या दारात थांबून, त्याच्या भाषेत बोलून, दिसलेलं प्रामाणिकपणे लिहून ठेवणारा डॉक्टर हाच उपचार असणार आहे, आणि असा डॉक्टर साथ येण्याआधीच घडवावा लागतो.